नेमो चांगला, नानासाहेब वाईट? : खलनायकांवर रिसर्च क्वेश्चन कसा बांधायचा

'थानोसचं म्हणणं तसं बरोबरच होतं' हे वाक्य तुम्ही एकदा तरी ऐकलं असेल, किंवा स्वतःच म्हटलं असेल. 'ब्लॅक पँथर'मधल्या किलमाँगरबद्दल तर अर्धं थिएटर त्याच्या बाजूने होतं असं लोक सांगतात. रजनीकांतच्या '२.०'मधला पक्षीराजन आठवा. पक्षी मरतायत म्हणून तळमळणारा हा म्हातारा पक्षीशास्त्रज्ञ, आणि सिनेमाचा खलनायकही तोच.

मागच्या काही पोस्टनंतर अनेकांनी एकच गोष्ट विचारली. 'आवडता विषय आहे, पण त्यावर रिसर्च म्हणजे नक्की काय करायचं?' त्यामुळे आज मुद्दाम असा विषय घेतलाय, जो ऐकल्यावर गाइड हसतील : सायन्स फिक्शनमधले 'पूर्ण काळे नसलेले' खलनायक. मी मुळात सायन्सवाली, साहित्याची नाही. पण प्रश्न बांधायची पद्धत दोन्हीकडे बरीचशी सारखीच असते, आणि हे उदाहरण आपल्या घराच्या फार जवळचं आहे. किती जवळचं, ते पुढे कळेलच.

पहिली पायरी : प्रश्न लहान करा

'सायन्स फिक्शनमधले खलनायक नैतिकदृष्ट्या गुंतागुंतीचे का असतात?' हा रिसर्च क्वेश्चन नाही, गप्पांचा विषय आहे. कारण यातला एकही शब्द मोजता येत नाही. सगळे खलनायक? कुठल्या काळातले? गुंतागुंतीचे म्हणजे काय? आणि तसे ते 'असतात' हे ठरवलं कोणी?

लॅबमध्ये अशा वेळी आपण काय करतो? शक्य तितक्या सारख्या दोन गोष्टी शोधतो, ज्यांच्यात एकच महत्त्वाचा फरक आहे, आणि त्यांची तुलना करतो. साहित्यात इतकी स्वच्छ जोडी मिळणं कठीण. पण एक जोडी आहे. लेखक एकच, पार्श्वभूमीला ऐतिहासिक घटना एकच, दोन्ही पात्रं भारतीय राजघराण्यातली, दोघांनीही इंग्रजांशी युद्ध केलेलं, दोघांच्याही डोक्यावर बक्षीस. एकाला जग दीडशे वर्षं प्रेमाने आठवतंय, आणि दुसरा त्याच लेखकाच्या पुस्तकात साधासरळ खलनायक आहे.

लेखक ज्यूल व्हर्न. पात्रं दोन, कॅप्टन नेमो आणि नानासाहेब पेशवे.

जोडीची ओळख

नेमो बहुतेकांना माहीत असतो. भा. रा. भागवतांमुळे व्हर्न मराठी घरांत पोचला आणि 'नॉटिलस' पाणबुडी आपल्याकडच्या मुलांच्याही ओळखीची झाली. 'समुद्राखाली वीस हजार लीग' ही कादंबरी १८६९-७० मध्ये फ्रेंच मासिकात क्रमशः आली. त्यात नेमो कोण, कुठला, हे सांगितलेलंच नाही. 'नेमो' या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी 'कोणी नाही'. तो एका युद्धनौकेला मुद्दाम बुडवतो, आणि नंतर एका स्त्रीच्या आणि दोन मुलांच्या चित्रासमोर गुडघे टेकून रडतो.

त्याची ओळख पुढच्या 'रहस्यमय बेट' या कादंबरीत (१८७४-७५) उघड होते. नेमो म्हणजे बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, राजपुत्र डक्कार. युरोपात शिकलेला. १८५७ मध्ये लढला, घरचे सगळे गमावले, आणि मग ज्ञान व संपत्ती घेऊन समुद्राखाली गेला. व्हर्नने त्याला टिपू सुलतानाचा पुतण्याही करून टाकलंय. म्हैसूर कुठे, बुंदेलखंड कुठे! पण ते असो.

दुसरं पुस्तक आपल्याकडे फारसं कोणी वाचलेलं नसतं : 'वाफेचं घर', १८८०. काही प्रवासी वाफेवर चालणारा पोलादी हत्ती आणि त्याला जोडलेले दोन चाकांवरचे बंगले घेऊन उत्तर भारत फिरतात. आता गंमत बघा. या कादंबरीचं पहिलं दृश्य आहे औरंगाबादचं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचं. काळ मार्च १८६७. भिंतीवर एक जाहीरनामा लागलाय. 'धोंडूपंत' ऊर्फ नानासाहेब मुंबई इलाख्यात दिसल्याची बातमी आहे, आणि त्याला जिवंत वा मृत पकडून देणाऱ्याला दोन हजार पौंडांचं बक्षीस आहे.

पुण्यात 'नानासाहेब पेशवे' म्हटलं की आधी बाळाजी बाजीराव आठवतात, म्हणून स्पष्ट करते. हे ते नव्हेत. हे दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र. जन्म १८२४, कर्जतजवळच्या वेणगावचा. वाढले कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला. बाजीरावांना वर्षाला आठ लाखांचं पेन्शन होतं. १८५१ मध्ये ते वारले आणि कंपनीने पेन्शन बंद केलं. अजीमुल्ला खान लंडनपर्यंत जाऊन दाद मागून आले, पण उपयोग झाला नाही. पुढे १८५७, कानपूर, आणि १८५९च्या सुमारास नेपाळच्या तराईत नाहीसं होणं. हा शेवट नीट न कळल्यामुळेच नानासाहेबांच्या अफवा वर्षानुवर्षं उठत राहिल्या, आणि व्हर्नला आयती गोष्ट मिळाली.

(या लेखात खऱ्या व्यक्तीबद्दल लिहिताना 'ते' आणि कादंबरीतल्या पात्राबद्दल लिहिताना 'तो' वापरतेय. हे मुद्दाम आहे. शेवटी यावर परत येऊ.)

दुसरी पायरी : 'गुंतागुंतीचा' म्हणजे काय, ते आधी ठरवा

याला ऑपरेशनल डेफिनिशन म्हणतात. म्हणजे काय, तर आपली कल्पना अशा प्रश्नांत मोडायची, ज्यांचं उत्तर दुसरा माणूसही तेच पुस्तक उघडून शोधू शकेल. मी सहा प्रश्न घेतले :

१. त्याच्या कृत्याला पुस्तकात कारण दिलंय का?
२. समोरच्या बाजूनेही अन्याय केला, हे पुस्तक मान्य करतं का?
३. ज्यातून त्याची करुणा दिसेल असा एक तरी प्रसंग आहे का?
४. स्वतःच्या कृत्याचा त्याला त्रास होताना दिसतो का?
५. त्याने ज्यांना मारलं, त्यांना नाव आणि चेहरा आहे का?
६. गोष्ट सांगणारा कोणाच्या बाजूला उभा आहे?

प्रश्न आधी लिहायचे आणि पुस्तक नंतर उघडायचं. उलट केलं की आपल्याला हवं तेच उत्तर देणारे प्रश्न तयार होतात.

तिसरी पायरी : तपासा

पहिला प्रश्न, कारण. नेमोचं कुटुंब मारलं गेलंय. नानासाहेबालाही कारण आहे. कादंबरीत झाशीच्या राणीला मारणारा अधिकारी म्हणजे कर्नल मन्रो (इतिहासात असं नाही, ही व्हर्नची कल्पना), आणि नानासाहेबाला त्याच्यावर सूड घ्यायचाय. उलट मन्रोची बायको कानपूरच्या कत्तलीत गेली असं तो समजतो. म्हणजे दोघांचाही सूडच. इथे दोन्ही पात्रं बरोबरीत.

दुसरा प्रश्नही बरोबरीतच सुटतो, आणि हे अनपेक्षित आहे. 'वाफेचं घर'मध्ये उठावावर एक अख्खं प्रकरण आहे, आणि त्यात इंग्रजांनी नंतर केलेल्या भयानक शिक्षांचाही उल्लेख येतो. पुढे नानासाहेब मन्रोला तोफेच्या तोंडी बांधतो. ही शिक्षा कोण कोणाला देत होतं, हे वाचकाला तोवर कळलेलं असतं.

थोडक्यात, 'खलनायकाला बॅकस्टोरी दिली की तो गुंतागुंतीचा होतो' हा लोकप्रिय सिद्धांत इथेच अडखळतो. बॅकस्टोरी दोघांनाही आहे.

फरक पडतो तो पुढे. तिसऱ्या प्रश्नाला नेमोकडे भरपूर उत्तरं आहेत. श्रीलंकेजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब भारतीय पाणबुड्याला तो शार्कपासून वाचवतो आणि मोत्यांची पिशवी देतो. क्रीटच्या बंडखोरांना सोनं पोचवतो. त्याच्या खोलीत वॉशिंग्टन, लिंकन, जॉन ब्राउन यांची चित्रं आहेत. नानासाहेबाला असा एकही पाणबुड्या भेटत नाही.

चौथा प्रश्न : नेमो रडतो. नानासाहेब रडत नाही.

पाचवा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नेमो बुडवतो त्या जहाजावर झेंडा नाही. ते कुठल्या देशाचं, हेही सांगितलेलं नाही. त्यावरची माणसं बुडताना दिसतात, पण एकालाही नाव नाही. नानासाहेबाच्या बळीला मात्र नाव आहे, नवरा आहे, आणि तिच्या दुःखावरच कादंबरी उभी आहे.

सहावा : नेमोची गोष्ट सांगतो प्राध्यापक ॲरोनाक्स. तो कैदी आहे, पण नेमोच्या ज्ञानावर लुब्ध आहे. त्याच्याच पाणबुडीत राहतो, त्याच्याच ग्रंथालयात वाचतो. 'वाफेचं घर'चा निवेदक मोक्लेर हा मन्रोबरोबर प्रवास करणारा त्याचा स्नेही. तो नानासाहेबाच्या गुहेत बसून त्याच्याशी गप्पा मारत नाही.

आणि एक गोष्ट माझ्या यादीत नव्हतीच, ती तपासताना सापडली : यंत्र कोणाचं? नॉटिलस नेमोने बांधली. पोलादी हत्ती इंग्रज इंजिनियरचा. नानासाहेबाकडे डोंगर आहेत, माणसं आहेत, द्वेष आहे, पण विज्ञान नाही. त्याचा शेवटही त्याच हत्तीच्या स्फोटात होतो, आणि प्रेत सापडत नाही. विज्ञानकथेत ज्याच्या हातात प्रयोगशाळा असते त्याला वाचकाची सहानुभूती लवकर मिळते, असं हे गृहीतक. ते या जोडीतून सुचतं, सिद्ध होत नाही. सिद्ध करायला दुसरी पुस्तकं घ्यावी लागतील. जिथे गृहीतक सापडलं, तिथेच ते तपासायचं नसतं.

चौथी पायरी : स्वतःच्या निष्कर्षाचे शत्रू व्हा

आता व्हायवाला बसलेल्या परीक्षकांसारखा विचार करा. या फरकाची आणखी कारणं काय असू शकतात?

एक, नानासाहेब ही खरी व्यक्ती आणि नेमो काल्पनिक. कानपूरला सतीचौरा घाटावर २७ जून १८५७ रोजी, आणि बीबीघरात १५ जुलैला जे झालं, त्याने युरोपातली वर्तमानपत्रं भरून गेली होती. वाचकाच्या डोक्यात नानासाहेबाचं चित्र आधीच तयार होतं. व्हर्न कोऱ्या कागदावर लिहीत नव्हता.

दोन, प्रकाशक. व्हर्नच्या मनात नेमो आधी पोलिश होता. १८६३च्या पोलिश उठावात रशियनांनी त्याच्या कुटुंबाला मारलं, अशी ती कल्पना. प्रकाशक एत्झेलने विरोध केला, कारण रशियात पुस्तकं खपत होती. त्याने सुचवलं की नेमोला गुलामांच्या व्यापाऱ्यांचा शत्रू कर. व्हर्नने ते नाकारलं. शेवटी दोघांच्या रस्सीखेचीत नेमोचा देशच गायब झाला. म्हणजे आपण ज्याला 'गूढ, गुंतागुंतीचं पात्र' म्हणतो, त्यातला काही भाग लेखकाची प्रतिभा नसून संपादकीय तडजोड आहे.

तीन, आवृत्त्यांचे थर. १८७०चा नेमो भारतीय 'होता' असं आपण सहज म्हणतो. पण ते ठरलं १८७४-७५ मध्ये. पाणबुड्याच्या प्रसंगातून इशारा मिळतो, हे खरं. पण दोन पुस्तकांच्या तारखाही जुळत नाहीत. पहिली कादंबरी घडते १८६६ ते ६८ मध्ये. दुसरी १८६५ ते ६९ मध्ये, आणि तरी तिच्यात ॲरोनाक्सची भेट सोळा वर्षांपूर्वीची सांगितली आहे. आजच्या फ्रँचायझींत हे सर्रास होतं. मॅग्नेटो १८६३ नव्हे, १९६३ मध्ये आला तो साधा दुष्ट म्हणून. ऑशविट्झमधून वाचलेला ज्यू ही त्याची ओळख १९८०च्या दशकात आकाराला आली. म्हणून डेटा गोळा करताना 'हे पात्र' असं लिहू नका, 'या सालच्या या पुस्तकातलं हे पात्र' असं लिहा.

चार, नमुना फक्त दोनचा. दोन पुस्तकांवरून विज्ञानकथेचा नियम निघत नाही. प्रश्न धारदार होतो, एवढंच. पण पहिल्या वर्षाच्या सिनॉप्सिसला तेवढं पुष्कळ आहे.

पाचवी पायरी : दुसऱ्याकडून तपासून घ्या

हेच सहा प्रश्न घेऊन मित्राला ती पुस्तकं स्वतंत्रपणे वाचायला सांगा. दोघांची उत्तरं किती जुळली? इथे एक सापळा आहे. समजा, दहा पात्रांवर 'करुणेचा प्रसंग आहे का?' हा प्रश्न लावला. तुम्ही दोघांनीही आठ-आठ वेळा 'हो' लिहिलं, आणि दहापैकी आठ ठिकाणी उत्तर जुळलं. ८० टक्के! झकास वाटतं. पण दोघंही आठ वेळा 'हो' म्हणणारे असतील, तर डोळे मिटून लिहिलं तरी जुळण्याची शक्यता ०.८ × ०.८ अधिक ०.२ × ०.२, म्हणजे ०.६८ आहे. योगायोग वजा केल्यावर उरतं (०.८० − ०.६८) ÷ (१ − ०.६८) = ०.३७५. याला कोहेनचा कप्पा म्हणतात. ८० टक्क्यांचा रुबाब खाली येऊन ०.३७५ होतो. म्हणजे तुमचा प्रश्नच सैल आहे, 'करुणा' म्हणजे काय ते अजून नीट लिहायला हवं.

मग यात पणाला काय लागलंय?

इथपर्यंत हे पद्धतीचं काम होतं. पण नानासाहेब ही आपल्यासाठी नुसती केस नाही.

'वाफेचं घर' वाचताना पहिली प्रतिक्रिया रागाची येते. आपल्या माणसाला राक्षस केलं! मग सोपा उपाय सुचतो, उलट करा. त्यांना पूर्ण नायक करा, आणि बीबीघर हा शब्द वगळा. १८५७ला कोणी 'शिपायांचं बंड' म्हणालं, कोणी 'स्वातंत्र्यसमर'. पण लेबल बदललं म्हणून विश्लेषण होत नाही. बीबीघरातल्या स्त्रिया आणि मुलं खरी होती. त्यानंतर कर्नल नीलने केलेले अत्याचार आणि गावोगावच्या फाशीही खऱ्या होत्या. बीबीघरचा हुकूम नेमका कोणी दिला, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. नानासाहेबांवरचा अन्याय दाखवणं म्हणजे त्या हत्यांचं समर्थन नव्हे, आणि हत्या नोंदवणं म्हणजे कंपनीची बाजू घेणं नव्हे. कारण सांगणं आणि समर्थन करणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. संशोधकाला पहिली करावीच लागते, आणि दुसरी तिच्यात नकळत मिसळत नाही ना, हे प्रत्येक परिच्छेदात बघावं लागतं.

नेमोच्या बाबतीतही हेच. 'रहस्यमय बेट'मध्ये नेमो मरताना अमेरिकन इंजिनियर सायरस स्मिथला आपला न्याय करायला सांगतो. स्मिथ आदराने बोलतो, पण म्हणतो काय, तर भूतकाळ परत आणता येईल असं मानणं ही तुमची चूक, तुम्ही आवश्यक अशा प्रगतीविरुद्ध लढलात. म्हणजे आपल्या लाडक्या नेमोबद्दलही पुस्तकाचा अंतिम निवाडा हाच की इंग्रजांचं राज्य म्हणजे प्रगती! सहानुभूती मिळाली, पण बाजू मिळाली नाही. 'गुंतागुंतीचा खलनायक' या कौतुकात ही गोष्ट सहज निसटते. एखाद्याला समजून घेणं आणि त्याचं म्हणणं मान्य करणं, यातलं अंतर लेखक फार हुशारीने वापरू शकतो.

आणि आपण सायन्सवाल्यांनी अजून एक गोष्ट बघावी. नेमो काय किंवा पक्षीराजन काय, दोघांचंही 'प्रॉब्लेम स्टेटमेंट' उत्तम आहे. दोघंही फसतात ते 'मेथड' या प्रकरणात. प्रश्न महत्त्वाचा आहे म्हणून पद्धतीला सूट मिळत नाही. एथिक्स कमिटीचा फॉर्म भरताना कंटाळा आला की हे आठवा.

तुमच्यासाठी काम

आता त्या 'तो' आणि 'ते'कडे येऊ. इंग्रजी संशोधकाला न मिळणारी एक गोष्ट मराठीत फुकट मिळते. इंग्रजीत नायक आणि खलनायक दोघांनाही एकच सर्वनाम. मराठी अनुवादकाला मात्र प्रत्येक वाक्यात ठरवावं लागतं, कॅप्टन नेमो 'म्हणाला' की 'म्हणाले'? प्राध्यापक 'आले' आणि खलनायक 'आला'? आदर आपल्या क्रियापदातच असतो, त्यामुळे तो मोजता येतो.

म्हणून हा छोटा प्रोजेक्ट करून बघा. व्हर्न, वेल्स यांच्यापैकी कोणाचाही एक मराठी अनुवाद घ्या आणि जोडीला जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' घ्या. त्यात तर यंत्रमानवच संशयाच्या घेऱ्यात आहे, त्याला सर्वनाम कुठलं? प्रत्येक मुख्य पात्रासाठी एकेरी आणि आदरार्थी क्रियापदं मोजा. पात्राचं वय आणि पद वेगळ्या रकान्यात नोंदवा, कारण 'ते' वयामुळे आलं की नैतिकतेमुळे, हा तुमचा पहिला कन्फाउंडर आहे. कथेच्या मध्यावर पात्राचा खरा चेहरा उघड झाल्यावर क्रियापद बदलतं का, तेही बघा. सत्तावन्नच्या बाजूने काम करायचं असेल तर वरसईच्या विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास' घ्या. त्या काळात उत्तरेत फिरलेल्या, झाशी डोळ्यांनी पाहिलेल्या मराठी माणसाची ही हकिकत १९०७ मध्ये छापली गेली. तिच्यात कोणाला कुठलं क्रियापद लागतं ते मोजा, आणि मग औरंगाबादच्या त्या काल्पनिक जाहीरनाम्याशेजारी ठेवून वाचा.

जयकर ग्रंथालयात किंवा गावातल्या कुठल्याही जुन्या वाचनालयात यातलं बरंचसं मिळेल. पन्नास पानं मोजायला दोन दुपारी लागतात. आकडे आले की तक्ता खाली टाका. एकाच पुस्तकावर दोघांनी काम केलं असेल तर कप्पा काढून टाका, म्हणजे आपल्याला पुढच्या वेळी डेफिनिशन घट्ट करता येईल.